बोनी एम., वाशिष्ठी आणि ४७ हर्ट्झ

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला अजून मनात उजळणी करून बघावं लागतं. शाळेत मराठीत बोललं की एक रुपया दंड होता आणि मी तो बऱ्यापैकी भरलेला आहे. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ते मुद्रितशोधकांच्या खात्यावर जमा करावं. आमच्या मराठी विभागाची संपादिका माझ्याच विंगमध्ये राहते. "ते कॅसेटचं लिही गं" म्हणून तिने महिनाभर मेसच्या रांगेत गाठून गाठून छळलंय. म्हणून लिहितेय.

तर, सबमिशनची आदली रात्र. वेळ दोन सव्वादोन. विंगमधल्या सगळ्या पोरी कॉरिडॉरमध्ये चटया टाकून जर्नल्स उतरवतायत. कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त पानं उलटल्याचा आवाज आणि मधूनच "एक्सपेरिमेंट सातचं रीडिंग कुणाकडे आहे?" अशी आर्त हाक. अशात कुणीतरी मोबाईलवर बोनी एम.चं 'रासपुतिन' लावलं. पहिल्या वीस सेकंदांत माना हलायला लागल्या. मिनिटभरात निम्म्या पोरी उभ्या. गाणं संपेपर्यंत आमची ती गंभीर, चष्मेवाली टॉपरसुद्धा हातात स्टेपलर घेऊन नाचत होती. रेक्टर मॅडम ओरडायला आल्या आणि दारात जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. (मॅडम, हे छापलं तर चालेल ना?)

आता गंमत बघा. हे गाणं १९७८ सालचं. आमच्यातली एकही तेव्हा जन्मलेली नव्हती. आमच्यातल्या बऱ्याच जणींचे आईवडील त्या वेळी अर्ध्या चड्डीत, नाहीतर दोन वेण्यांत होते. तरी सगळ्याजणी नंतर एकच वाक्य बोलत होत्या, "काय ते दिवस होते यार!" अगं बाई, कुठले दिवस? कुणाचे?

मी उत्सुकता म्हणून जरा शोधाशोध केली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपल्याच वयाच्या मुलांना त्यांनी १९५५ पासून २००९ पर्यंतच्या हिट गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कुठल्या गाण्याशी तुमच्या आठवणी जोडलेल्या आहेत, कशाने बरं वाटतं, असं विचारलं. स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटणार, हे उघड आहे. पण आलेखाला आणखी एक उंचवटा आला, तो त्यांचे आईवडील विशीत होते त्या काळावर. म्हणजे घरात जी गाणी वाजतात त्यांच्याबरोबर आईबापांचं तरुणपणही थोडंफार आपल्या नावावर होतं. वारसाहक्कच म्हणा. त्याला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही.

आणि नाचावंसं का वाटतं? २०११ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं, की आवडत्या गाण्यातली आवडती जागा ऐकताना मेंदूत डोपामिन सुटतं. पण ते फक्त त्या जागेवर नाही, ती जागा यायच्या आधीच सुटायला सुरुवात होते. येतंय, येतंय, आता येणार, यातच अर्धी मजा. (निकालाच्या आधी जे सुटतं ते वेगळं असावं.)

बोनी एम.बद्दल दोन शब्द, कारण फर्स्ट इयरच्या एका मुलीने मला "तो कुठला रॅपर आहे?" असं विचारलंय. पश्चिम जर्मनीतला फ्रँक फारियन नावाचा निर्माता, आणि पुढे चार चेहरे. लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराट बेटावरची आणि बॉबी फॅरेल अरुबाचा. बॉबी स्टेजवर तुफान नाचायचा, पण रेकॉर्डवर जो जाडाभरडा पुरुषी आवाज आहे तो फारियनचा स्वतःचा. आपल्या ग्रुप प्रोजेक्टसारखं झालं, काम एकाचं आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याचं. त्या काळी डिस्कोला देशबिश नव्हता. 'आबा'चं 'मामा मिया' आलं १९७५ ला, आणि १९७७ च्या 'हम किसीसे कम नहीं'मध्ये पंचमदांनी त्याची चाल आपल्याकडे आणून 'मिल गया हमको साथी' करून टाकलं सुद्धा.

पण मला सांगायचंय ते 'रासपुतिन'बद्दल नाही. त्याच वर्षी आलेल्या 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'बद्दल.

माझे पप्पा १९९८ ते २०१४ मस्कतला होते, एसी टेक्निशियन म्हणून. आम्ही चिपळूणचे. आमच्याकडे घराघरात कुणी ना कुणी आखातात असतं, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, येताना खजूर, टँग आणि जाड ब्लँकेट. माझा जन्म २००५ च्या ऑक्टोबरचा. त्याआधी २६ जुलैला चिपळुणात पूर आला तेव्हा मी आईच्या पोटात होते. पप्पांना सुट्टी मिळाली नाही. फोन महाग, कार्ड बोलता बोलता संपायचं. तेव्हा त्यांनी काय केलं, तर रुवीच्या बाजारातून घेतलेली बोनी एम.ची कॅसेट होती, तिच्या वरच्या दोन खाचांवर सेलोटेप चिकटवला आणि शेवटी उरलेल्या कोऱ्या टेपवर स्वतःचा आवाज भरला. पूर्वीच्या लोकांना माहीत असेल, त्या खाचा उघड्या असल्या की कॅसेटवर रेकॉर्डिंग होत नाही. झाकल्या की होतं.

फक्त पप्पांचा अंदाज चुकला. टेप कोऱ्या भागावर नव्हती, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'च्या मध्यावर होती. त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये गाणं निम्म्यापर्यंत जायचं, मग खट्ट, मग चार मिनिटं पप्पा, मग खट्ट, आणि पुढचं गाणं अर्ध्यातून सुरू. गावच्या एका माणसाबरोबर ती कॅसेट आमच्या घरी आली.

दर शुक्रवारी पप्पांना सुट्टी. त्यांचा फोन येऊन गेला की आई ती कॅसेट लावायची. आई इतर वेळी खूप कडक, पण त्या गाण्यावर ती मला कडेवर घेऊन स्वयंपाकघरभर नाचायची. नंतर मी तिच्या पायांवर पाय ठेवून नाचायचे. गाणं, खट्ट, पप्पा. माझी अशी पक्की समजूत होती की ते गाणं तसंच आहे. जगात सगळीकडे त्या गाण्यात मध्येच माझे पप्पा बोलतात.

शाळेत तिसरीत असताना गॅदरिंगसाठी आमच्या क्वायरने तेच गाणं बसवायला घेतलं. मी खूश. टीचरनी सीडी लावली. माझी जागा आली... आणि बाई गातच राहिली! मी जोरात म्हणाले, "टीचर, इथे पप्पा येतात." सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले.

त्या तालमीतली दुसरी एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. आम्ही कमरेवर हात ठेवून डोलत गात होतो, आणि आमच्या एक म्हाताऱ्या सिस्टर मागे बसून बघत होत्या. त्या टीचरना म्हणाल्या, मुलांना फार नाचवू नका, हे रडण्याचं गाणं आहे.

खरंच आहे ते. हे शब्द बायबलच्या १३७व्या स्तोत्रातले. इसवी सनापूर्वी ६व्या शतकात जेरुसलेम पडलं आणि तिथल्या लोकांना धरून बॅबिलॉनला नेलं. तिथे नदीकाठी बसून ते आपलं गाव आठवून रडतात. ज्यांनी धरून आणलं तेच वर म्हणतात, तुमच्याकडची एखादी छान गाणी होऊ द्या की! परक्या मुलखात आपलं गाणं गायचं तरी कसं, असा त्यांचा प्रश्न. १९७० मध्ये जमैकाच्या द मेलोडियन्सनी त्यावरून हे गाणं केलं, कारण ज्यांच्या पूर्वजांना गुलाम करून जहाजांतून आणलं त्या रास्ताफारी लोकांना ही आपलीच कथा वाटत होती. पुढे फारियनने त्यातले रास्ताफारी शब्द काढले, खाली ठेका घातला आणि युरोपभर लोक त्यावर नाचले. इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मला आधी वाटलं, ही फसवणूक आहे. आता तसं वाटत नाही. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दसुद्धा मुळात गाण्याबिण्याचा नाही, आजाराचा आहे. योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये आपल्या प्रबंधासाठी तो तयार केला, ग्रीकमधले घरी परतणं आणि वेदना हे दोन शब्द जोडून. पेशंट कोण? तर घरापासून लांब गेलेले स्विस लोक. म्हणजे हॉस्टेलला आल्यावर पहिले पंधरा दिवस आपल्याला जे झालं होतं तेच.

असो. पप्पा २०१४ ला कायमचे परत आले. मी नऊ वर्षांची होते. आता एक गोष्ट लिहिते जी मी कधी घरी बोललेली नाही. मला ते आवडले नाहीत. कॅसेटमधले पप्पा चार मिनिटं बोलायचे, रागवायचे नाहीत आणि शेवटी शीळ वाजवायचे. हे पप्पा अक्षर सुधार म्हणायचे, टीव्ही बंद कर म्हणायचे, आणि आई आता माझ्याबरोबर नाचायची नाही. मी बरेच महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळत असणार. ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी बाजारपेठेत फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं, टू-इन-वन आणि कॅसेट तिकडे नेली, आणि दुकानात काम करताना शीळ घालायला लागले. शाळा सुटल्यावर मी दुकानात जायला लागले ती त्या शिळेमुळे, एवढं नक्की.

एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या दिवसांत थ्रिसूरच्या मेडिकल कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांचा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये 'रासपुतिन'वर नाचतानाचा व्हिडिओ आला होता, आठवतोय? ड्यूटीच्या कपड्यांत, अर्ध्या मिनिटाचा. मी तो पप्पांना दाखवला. त्यांनी तो चार वेळा बघितला आणि संध्याकाळी आईला म्हणाले, "चल, नाचूया." आई म्हणाली, "गप बसा." पण हसली.

तीन महिन्यांनी, २२ जुलैच्या पहाटे, वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. धो धो पाऊस, भरतीची वेळ, कोयनेत वीज तयार करून सुटलेलं पाणीही त्याच नदीत येतं... कारणांवर चिपळुणात आजही भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. खालून लोकांच्या गाड्या, सिलिंडर, डबे तरंगत जाताना बघत होतो. पाणी ओसरल्यावर दुकानाचं शटर वाकवून उघडलं. आत गिऱ्हाइकांचे नऊ फ्रिज आडवे पडलेले, आणि गुडघाभर चिखल. पप्पा एक शब्द बोलले नाहीत. फावड्याने चिखल ओढताना टू-इन-वन निघाला, तो त्यांनी तसाच ढिगावर टाकला. आत कॅसेट होती. मी ती काढून घेतली, पिशवीत गुंडाळली आणि माझ्या कपाटात ठेवली. पप्पांनी सहा महिन्यांनी कर्ज काढून दुकान परत उभं केलं. शीळ मात्र परत आली नाही.

कॅसेट माझ्याबरोबर हॉस्टेलला आली. गेल्या वर्षी एम-थ्रीत माझी केटी लागली. घरी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात अभ्यास सोडून काहीही करायची तयारी होती, म्हणून ती पिशवी उघडली. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधल्या मामांना दाखवली. नाव छापू नको म्हणाले, म्हणून छापत नाही, पण कोण ते सगळ्यांना माहीत आहे. मामांनी कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, "पाण्याने टेप पुसत नाही गं. चिखल झालाय, तो काढू."

हे मला माहीत नव्हतं. टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय ऑक्साईडचा थर. आवाज त्या कणांच्या चुंबकत्वात असतो, आणि पाणी त्याला काही करत नाही. पाच स्क्रू काढून कवच उघडलं. दोन्ही फिरक्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू धुतल्या. पाणी पहिल्यांदा चहासारखं झालं, मग लिंबू सरबतासारखं, मग स्वच्छ. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, फक्त पंख्याखाली तीन दिवस. रूममेटने नाकाला रुमाल बांधून साथ दिली, कारण बुरशीचा वास! मग मऊ सुती कापड धरून पेन्सिलीने फिरवत फिरवत सगळी टेप पुसून घेतली. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने जाते, म्हणजे अर्ध्या तासाच्या बाजूला साधारण ८६ मीटर. एवढी टेप बोटांखालून काढली की एम-थ्रीची आठवण येत नाही, हे अनुभवाने सांगते. जुनं कवच वाकलं होतं, म्हणून मामांनी घरून हरिपाठाची एक कॅसेट आणली, तिचं कवच दिलं. बाहेर हरिपाठ, आत बोनी एम.!

लॅबच्या कपाटातला जुना डेक काढला. प्ले दाबलं. आधी नुसती खरखर, मग ठेका... पण मलूल. जणू सगळा बँड मेसचं रविवारचं जेवण जेवून गायला बसलाय. मग खट्ट. आणि पप्पा. जड, दमलेला आवाज. पुरानंतर ते बोलतात तसाच. मला वाटलं, मग लहानपणी मला जो आवाज आठवतो तो मी मनानेच तयार केला होता की काय?

मामा म्हणाले, "डेकचा बेल्ट सैल आहे, स्पीड कमी पडतोय. किती कमी ते काढ ना, इंजिनिअर ना तू?" लॅपटॉपवर घेतलं, मधल्या शांत जागेचा स्पेक्ट्रम काढला. हो, फूरियर, ज्याच्यात केटी लागली तोच. खालच्या टोकाला दोन शिखरं शेजारी शेजारी दिसली. एक ५० हर्ट्झवर, ती आमच्या डेकची स्वतःची घरघर. दुसरं ४७ वर. ते बघून मी खुर्चीतून उठलेच. ओमानमध्येही वीज ५० हर्ट्झचीच आहे. २००५ मध्ये पप्पांच्या खोलीतल्या टू-इन-वनची पिन भिंतीत होती, आणि तिथल्या विजेची घरघर त्यांच्या आवाजाबरोबर टेपवर उतरली होती. ती ५० ची ४७ झाली, म्हणजे टेप सहा टक्के हळू, जवळपास एक अर्धस्वर खाली. वेग तेवढा वाढवला आणि परत लावलं.

हलका, पातळ आवाज. तेहतीस वर्षांचा माणूस. आपल्याला मेकॅनिक्स शिकवणारे सर आहेत ना, साधारण त्यांच्यासारखा. आईला विचारत होता, पाणी किती आलं, तांदळाचे डबे माळ्यावर ठेवलेस का. मग जरा थांबून, "बाळा, मी तुझा पप्पा. इथे फार गरम आहे." मग बराच वेळ काही नाही. पुढे काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं. आणि मग त्याने आपण कुठल्या गाण्यावर भरतोय हे माहीत नसताना तेच गाणं शिळेवर वाजवलं. मामा डेकची मागची बाजू तपासायला म्हणून बराच वेळ कपाटाआड गेले.

मी फाईल पप्पांना व्हॉट्सअॅपवर पाठवली, खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या टिका आल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. रात्री साडेनऊला फोन.

"बेल्ट सैल असणार."

"हो. सहा टक्के."

"कसं काढलंस?"

मी सांगितलं. घरघर, ५०, ४७, फूरियर. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग म्हणाले, "हे तुमच्या परीक्षेला असतं?"

"असतं. केटी आहे त्यात माझी."

पलीकडे शांतता. मी मेसच्या पायरीवर बसले होते, उठून उभी राहिले.

"आईला मी सांगतो," ते म्हणाले. "तसले बेल्ट माझ्याकडे दहा-बारा होते. पुरात गेले." मग म्हणाले, "थांब हं, परत लावतो," आणि फोन बहुतेक टेबलावर ठेवला. मागे कुठल्यातरी फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होता. गाणं निम्म्यापर्यंत आलं, खट्ट झालं, पप्पा बोलले, थांबले, शीळ सुरू झाली. तिच्या जरा मागे, थोडी बेसूर, दुसरी शीळ.

बॅलन्स संपेल म्हणून मला काळजी नव्हती, अनलिमिटेड आहे. मी तशीच उभी राहिले.